पहिला पीसीआर निगेटिव्ह आला तेव्हा: पाच वर्षांच्या मुलीतला हर्पीस एन्सेफलायटिस

हे प्रकरण कुणा एका मुलीचं नाही. हर्पीस एन्सेफलायटिस (हर्पीस विषाणूमुळे मेंदूला येणारी सूज) हा आजार मराठवाड्यातल्या रुग्णालयांपर्यंत कुठल्या वाटेनं येतो आणि वाटेत कुठे अडतो, ते एका जागी दिसावं म्हणून शिकवण्यासाठी बांधलेलं आहे. मात्रांचे हिशेब पूर्ण दिले आहेत, म्हणजे वाचणाऱ्याला ते आपल्या विभागातल्या प्रोटोकॉलशी ताडून पाहता येतील.

गाव, आजी आणि तिसरा दिवस

मुलगी पाच वर्षांची, वजन १६ किलो, उंची १०५ सेंमी. केज तालुक्यातलं गाव, डिसेंबर महिना. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, लेकरू आजीपाशी. पहिल्या दिवशी ताप, डोकं दुखणं, दोन उलट्या. गावातल्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल आणि सेफिक्झिमचं सिरप दिलं. दुसऱ्या दिवशी ताप १०२ अंशांवर, खाणं बंद. इथपर्यंत कुणालाही वेगळं काही वाटण्यासारखं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आजीकडे बघून घाबरली. दुपारी शेजारणीला शिव्या दिल्या, मग तासभर एकाच जागी बसून ओठ चाटत राहिली. रात्री नऊच्या सुमारास उजवा गाल आणि उजवा हात उडायला लागला, पाचेक मिनिटांत सगळं अंग. ग्रामीण रुग्णालयात पोचेपर्यंत पावणेअकरा वाजले आणि झटका चालूच होता.

झटका थांबल्यावर ड्युटीवरच्या डॉक्टरांनी एक चांगला प्रश्न विचारला: "आजी, झटक्याच्या आधी लेकरू कसं वागत होतं?" उत्तर आलं, "सकाळपासनं मला वळखंना बघा डॉक्टरसाहेब. पाणी पाहिजे म्हनून तांब्याकडं हात करतंय आन् तोंडानं चप्पल म्हनतंय."

या एका वाक्यात अर्धं निदान आहे. वस्तू समोर दिसते, ती हवी आहे हेही कळतं, पण नाव चुकतं. म्हणजे तापाच्या भरातली बडबड नव्हे. मेंदूच्या डाव्या टेंपोरल (कानशिलाकडच्या) भागातली भाषेची बिघडलेली जागा. ओठ चाटत बसणं हा बहुधा पहिला झटका होता, जो कुणी झटका म्हणून ओळखला नाही. तापाच्या झटक्यात मूल झटक्याआधी स्वतःसारखंच वागत असतं आणि झटक्यानंतर तासाभरात पुन्हा तसंच होतं. इथे वागणं झटक्याच्या बारा तास आधीच बदललं होतं. पाच वर्षांच्या मुलाला ताप, बदललेलं वागणं आणि एका बाजूने सुरू झालेला झटका हे तीन एकत्र आले की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो हर्पीस एन्सेफलायटिस धरायचा.

अशा घरांत माहिती देणारी व्यक्ती आजी असते आणि निर्णय फोनवर घेतले जातात. आजीला तारखा विचारण्यात वेळ घालवू नये. "काल सकाळी", "बाजाराच्या दिवशी" असं विचारलं की क्रम नीट लागतो. त्याच वेळी आईला फोन लावून तीन गोष्टी विचाराव्यात: लसी, आधीचे झटके आणि घरात नात्यातलं लग्न आहे का. तिसरा प्रश्न आगाऊ वाटतो, पण त्याला कारण आहे. हर्पीस सिम्प्लेक्स-१ बहुतेक माणसांच्या अंगात मुकाट्याने राहतो, मेंदूत शिरतो तो फार थोड्यांच्या. अशा काही मुलांमध्ये मेंदूच्या पेशींची विषाणूविरुद्धची जन्मजात यंत्रणाच अधू असते. २००६ मध्ये यूएनसी-९३बी आणि २००७ मध्ये टीएलआर-३ या जनुकांतले दोष याच आजाराच्या मुलांत सापडले. त्यातला पहिला दोष दोन्ही पालकांकडून यावा लागतो. मामा-भाचीच्या किंवा आत्ते-मामे भावंडांच्या लग्नातलं मूल असेल तर तेवढी नोंद पेपरवर हवीच. उपचार मात्र त्यानं बदलत नाही.

ओठावर पुरळ आहे का, हे बघायला हरकत नाही. पण ते असल्यानं निदान पक्कं होत नाही आणि नसल्यानं खोडलंही जात नाही.

झटका, आणि औषधाचा पहिला डोस

ग्रामीण रुग्णालयात शीर मिळत नव्हती. झटका थांबवणारं मिडाझोलाम नाकातून दिलं: ०.२ मिग्रॅ प्रतिकिलो, म्हणजे ३.२ मिग्रॅ. इथे नेहमी होणारी चूक फवाऱ्याच्या गणिताची. एका फवाऱ्यात ०.५ मिग्रॅ असेल तर सहा ते सात फवारे लागतात, दोन्ही नाकपुड्यांत वाटून. फवाऱ्याला १.२५ मिग्रॅची बाटलीही मिळते. तिचे सात मारले तर दुपटीहून जास्त औषध जातं. उलट दोनच फवारे मारून "औषध लागू पडत नाही" असा शेरा लिहिलेली रेफर चिठ्ठीही नवी नाही. या मुलीचा झटका सहा फवाऱ्यांनंतर तीन मिनिटांत थांबला. ग्लुकोमीटरवर साखर ९२. शीर मिळाल्यावर झटका परतू नये म्हणून लेव्हेटिरासिटाम ४० मिग्रॅ प्रतिकिलोने ६४० मिग्रॅ, सलाइनमध्ये, दहा मिनिटांत.

रुग्णालयाच्या कपाटात असायक्लोविर या हर्पीसविरोधी औषधाच्या गोळ्या होत्या, इंजेक्शन नव्हतं. गोळी कुटून नळीतून द्यावी का, असा विचार झाला आणि सोडून दिला, ते बरोबर. तोंडावाटे घेतलेलं असायक्लोविर जेमतेम १५ ते २० टक्के रक्तात उतरतं. तेवढ्यानं मेंदूतल्या विषाणूचं काही बिघडत नाही. इंजेक्शनच्या दोन वायल ग्रामीण रुग्णालयात ठेवणं मात्र सहज जमण्यासारखं आहे. जागा लागत नाही, फ्रीज लागत नाही, आणि १०८ येईपर्यंतचा तास वाया जात नाही. उपचाराविना या आजारात सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात. असायक्लोविरनं ते प्रमाण खूप खाली येतं. पण वाचलेलं मूल कोणत्या अवस्थेत घरी जाईल, हे पहिला डोस किती लवकर मिळाला यावर बरंच अवलंबून असतं. १९८० च्या दशकात स्वीडन आणि अमेरिकेत झालेल्या चाचण्यांनी हे औषध प्रस्थापित केलं. त्यानंतर मोठा फरक पाडेल असं नवं औषध आलेलं नाही; कमी करता येतो तो उशीर.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मुलगी दीड वाजता पोचली. ग्लासगो स्कोअर (शुद्धीचा अंक, पूर्ण १५) ११, ताप १०१, नाडी १२४, उजव्या हातात थोडा कमजोरपणा. मान किंचित कडक. असायक्लोविर पावणेतीनला सुरू झालं, सीटी आणि पाठीचं पाणी (मेंदू-मणक्याभोवतीचा द्रव) काढण्याच्या आधी. आधी डोस दिला तर पीसीआर (या पाण्यात विषाणूचा डीएनए शोधणारी तपासणी) बिघडेल ही भीती निराधार आहे. उपचार सुरू झाल्यावरही विषाणूचा डीएनए कित्येक दिवस पाण्यात सापडत राहतो.

याच वेळी सेफ्ट्रिॲक्सोन ८०० मिग्रॅ दर १२ तासांनी आणि व्हॅन्कोमायसिन २४० मिग्रॅ दर ६ तासांनी सुरू केलं, कारण तीन दिवस सेफिक्झिम घेतलेल्या मुलात अर्धवट दबलेला जिवाणूजन्य मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज) पहिल्या रात्री नाकारता येत नाही. डॉक्सिसायक्लिन ३५ मिग्रॅ दर १२ तासांनी: पावसाळ्यानंतर डिसेंबरपर्यंत आपल्याकडे स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) असतो. चाव्याच्या जागची काळी खपली काखेत, जांघेत, कानामागे, कमरेच्या नाडीखाली शोधावी. अंगावरचे सगळे कपडे काढल्याशिवाय ती दिसत नाही. इथे नव्हती. मलेरियाची रॅपिड टेस्ट निगेटिव्ह.

चांदीपुरा इथे मुद्दाम मागे ठेवला. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून नाव पडलेला हा विषाणू पावसाळ्यात येतो आणि ताप ते कोमा हा प्रवास अनेकदा एक-दोन दिवसांतच संपवतो. डिसेंबरात, तीन दिवस रेंगाळलेला आणि एका बाजूला झुकलेला आजार त्यात बसत नाही. जपानी मेंदूज्वराचं आयजीएम (ताज्या संसर्गाची प्रतिपिंडं) पाठीच्या पाण्यात पाठवलंच.

पाठीचं पाणी

उजव्या हाताचा कमजोरपणा झटक्यानंतरचा असू शकतो, पण त्यामुळे आधी सीटी घेणं भाग होतं. सीटी नॉर्मल. चौथ्या दिवशीचं सीटी या आजारात नॉर्मल असणं अगदी नेहमीचं आहे. ते फक्त "पाणी काढायला हरकत नाही" एवढंच सांगतं. "सीटी नॉर्मल, म्हणून एन्सेफलायटिस नाही" असं वाक्य केसपेपरवर उमटलं की पुढचे दोन दिवस सगळे त्याच वाक्यामागे चालत राहतात.

पहाटे चारला पाणी काढलं. पेशी ६४, त्यात ९० टक्के लिम्फोसाइट. लाल पेशी २२०. प्रथिनं ७२ मिग्रॅ, साखर ५४, तेव्हाची रक्तातली साखर ९६. पाण्यातली साखर रक्ताच्या निम्म्याहून जास्त आहे, म्हणून जिवाणू आणि क्षयरोग दोन्ही मागे पडतात. तरी क्षयरोगाची सीबीनॅट तपासणी पाठवली, कारण आपल्याकडे टीबी मेनिंजायटिस विसरणं परवडत नाही. लाल पेशी हर्पीसमध्ये दिसतात, कारण हा विषाणू मेंदूचा भाग सडवतो आणि तिथे रक्त झिरपतं. पण सुईनंही रक्त येतं. पहिल्या आणि तिसऱ्या ट्यूबमध्ये लाल पेशी मोजल्या आणि तिसरीत कमी झाल्या नाहीत, तर दोष सुईचा नाही.

पीसीआरसाठी तिसऱ्या ट्यूबमधलं निदान अर्धा ते एक मिलि पाणी, निर्जंतुक, स्क्रूच्या झाकणाच्या ट्यूबमध्ये. हेपारिनची हिरवी ट्यूब वापरली तर पीसीआर अडतो. खूप रक्त मिसळलं तरी अडतो. नमुना २ ते ८ अंशांत, बर्फाच्या पॅकसोबत, पण थेट बर्फाला लावून नाही. नाव कायमच्या मार्करने थेट ट्यूबवर लिहावं. कागदी लेबल वितळलेल्या पाण्यात सुटून डब्याच्या तळाशी जातं आणि प्रयोगशाळा नमुना परत करते. एक मिलि पाणी आपल्याच फ्रीझरमध्ये राखून ठेवलं तर पुढे खूप उपयोगी पडतं.

रक्तातलं हर्पीस आयजीएम किंवा "टॉर्च" पॅनल या निदानासाठी मागवू नये. पॉझिटिव्ह आलं तरी मेंदूत काय चाललंय ते कळत नाही, आणि निगेटिव्ह आलं तर कुणीतरी औषध बंद करतं.

दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. मूल भुलीतून कधी हलेल याचा भरवसा नसतो, म्हणून तंत्रज्ञाला आधीच सांगावं: डिफ्यूजन आणि फ्लेअर (एमआरआयच्या दोन प्रकारच्या चित्रमाला) पहिल्यांदा, बाकीचं नंतर. डाव्या टेंपोरल भागाची आतली बाजू, इन्सुला आणि सिंग्युलेट उजळ, डिफ्यूजन अडलेलं, बेसल गँग्लिया वाचलेले. मोठ्या माणसांत चित्र बहुतेक असंच असतं. लहान मुलांत, विशेषतः दोन वर्षांखाली, डाग टेंपोरलच्या बाहेर, पॅरायटल-ऑक्सिपिटल भागांत विखुरलेलेही दिसतात, आणि "टेंपोरल नाही म्हणजे हर्पीस नाही" असा रिपोर्ट येतो. तिसऱ्या दिवशीच्या ईईजीत (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या नोंदीत) डाव्या टेंपोरलवर दर एक-दोन सेकंदांनी ठरावीक टोकदार लहरी.

चौथा दिवस

या प्रकरणातला खरा पेच भरतीच्या चौथ्या दिवशी पडला. सकाळी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) १.० आलं, भरतीच्या वेळी ते ०.४ होतं. दुपारी पीसीआरचा रिपोर्ट आला: हर्पीस सिम्प्लेक्स डीएनए आढळला नाही. राउंडला सूर निघाला की औषध मूत्रपिंडाला मारतंय आणि आजार तर हा नाहीच; मग थांबवूया.

आधी मूत्रपिंड. क्रिएटिनिन अडीचपट का झालं, याची कारणं एकावर एक चढलेली होती. पहिलं म्हणजे असायक्लोविरची मात्रा. ५०० मिग्रॅ प्रतिचौरस मीटर हा हिशेब वापरला होता. अंगाचं क्षेत्रफळ: १०५ गुणिले १६, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ, म्हणजे ०.६८ चौरस मीटर. त्यावरून ३४० मिग्रॅ. पण १६ किलोच्या मुलीत हे २१ मिग्रॅ प्रतिकिलो होतं. तीन महिने ते बारा वर्षे या वयात १० ते १५ मिग्रॅ प्रतिकिलो हा दुसरा प्रचलित हिशेब. त्यानं १६० ते २४० मिग्रॅ. म्हणजे दोन्ही हिशेब पुस्तकातलेच, पण लहान मुलात त्यांच्यात दीडपट-दुपटीचा फरक पडतो, आणि वरच्या मात्रेवर मूत्रपिंडाचा त्रास जास्त दिसतो. वरची मात्रा वापरायला हरकत नाही, पण मग पाणी आणि वेग यांत ढिलाई चालत नाही.

दुसरं म्हणजे अंगाला मिळणारं पाणी. मेंदूला सूज म्हणून पहिल्या दिवशी द्रव दोन तृतीयांशावर आणले होते: १३०० मिलिऐवजी ८७० मिलि. ही जुनी सवय आहे. मुलगी उलट्या करत होती, तीन दिवस जेवली नव्हती. असायक्लोविर लघवीत फारसं विरघळत नाही. लघवी कमी आणि औषध जास्त झालं की नळ्यांमध्ये सुयांसारखे स्फटिक बसतात.

तिसरं वेग. रात्री सिरिंज पंप दुसऱ्या मुलाला लावला, आणि डोस वीस मिनिटांत गेला. डोस एका तासात जायलाच हवा. पंप नसेल तर मायक्रोड्रिप सेट पुरतो: त्यात ६० थेंबांचा एक मिलि असतो, म्हणून तासाला ५० मिलि द्यायचे तर मिनिटाला ५० थेंब. घड्याळ समोर धरून एक मिनिट थेंब मोजले की काम झालं.

चौथं सोबतची औषधं. व्हॅन्कोमायसिन मूत्रपिंडाला जड आहेच; सेफ्ट्रिॲक्सोन आणि असायक्लोविर एकत्र दिलेल्या मुलांतही मूत्रपिंडाचा त्रास जास्त आढळतो. ४८ तासांचं कल्चर स्वच्छ असताना ही दोन्ही आणखी एक दिवस "असू दे" म्हणून चालू राहिली होती. डॉक्सिसायक्लिनही स्क्रबची तपासणी निगेटिव्ह आल्यावर थांबवायला हवं होतं.

चारही गोष्टी त्याच दुपारी दुरुस्त झाल्या. प्रतिजैविकं बंद. द्रव पूर्ण १३०० मिलि, तासाला ५४, सगळं समक्षार (रक्ताइतकाच क्षार असलेलं), साखर घातलेलं सलाइन. पातळ ड्रिप अजिबात नाही, कारण भरतीचं सोडियम कमी, १३१ होतं. लघवी ताशी प्रतिकिलो एक मिलिच्या वर ठेवायची. औषध २४० मिग्रॅवर आणलं. उंचीवरून काढलेला मूत्रपिंडाचा गाळण्याचा दर ०.४१३ गुणिले १०५ भागिले १.०, म्हणजे ४३. तो २५ ते ५० च्या दरम्यान असताना मात्रा तीच ठेवून अंतर ८ ऐवजी १२ तास. सहाव्या दिवशी क्रिएटिनिन ०.७, दर ६२, तेव्हा पुन्हा ८ तासांवर. नवव्या दिवशी ०.४. औषध एक दिवसही थांबलं नाही.

डोस बनवण्याची पद्धत वॉर्डच्या भिंतीवर लावण्यासारखी आहे. ५०० मिग्रॅच्या वायलमध्ये २० मिलि निर्जंतुक पाणी, म्हणजे मिलित २५ मिग्रॅ. त्यातले ९.६ मिलि घ्या (२४० मिग्रॅ), सलाइनने ५० मिलिपर्यंत न्या; मिलित ४.८ मिग्रॅ होतं. मिलित ७ च्या वर कधीच नको, हाताच्या शिरेतून ५ च्या आत बरं. ३४० मिग्रॅचा डोस ५० मिलित बसवला तर ६.८ होतं, म्हणून तो ७० मिलित करावा. परिरक्षक घातलेलं पाणी वापरू नये, गढूळ होतं. विरघळवलेलं औषध फ्रीजमध्ये ठेवू नये, खडे पडतात; बाहेर ठेवून १२ तासांत संपवावं. द्रावणाचा पीएच सुमारे ११ असतो. शिरेबाहेर गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून डोसआधी सलाइनने लाइन तपासायची आणि पट्टीच्या घड्यांखाली सुईची जागा झाकायची नाही.

आता पीसीआर. मोठ्यांत ही तपासणी शंभरातले पंच्याण्णवहून अधिक रुग्ण पकडते, पण लहान मुलांत आणि पहिल्या तीन दिवसांत ती चुकू शकते. या मुलीचं वागणं बदलल्यापासून नमुना घेईपर्यंत चोवीस तासही झाले नव्हते. विषाणू तेव्हा मेंदूच्या ऊतींत होता, पाण्यात पुरेसा उतरला नव्हता. अशा वेळी निगेटिव्ह रिपोर्टला निकाल मानायचं नाही. शंका कमी असेल, एमआरआय स्वच्छ असेल, पेशी नसतील, मूल शुद्धीवर आलं असेल किंवा दुसरं निदान हाती लागलं असेल, तर एका निगेटिव्ह पीसीआरवर औषध थांबवता येतं. इथे यातलं एकही नव्हतं. एमआरआय आणि ईईजी दोन्ही एकाच जागेकडे बोट दाखवत होते. औषध सुरू करायला संशय पुरला होता. बंद करायला मात्र भक्कम कारण हवं, आणि क्रिएटिनिन हे मात्रा सुधारण्याचं कारण आहे, निदान बदलण्याचं नव्हे.

पाचव्या दिवशी पाणी पुन्हा काढलं. पेशी १४८, प्रथिनं ९०. हर्पीस सिम्प्लेक्स-१ पॉझिटिव्ह. दुसऱ्यांदा पाणी काढायला आजी तयार नव्हती; आईला फोनवर "पहिल्यांदा लवकर काढलं होतं, आता दिसेल" असं सांगितल्यावर होकार आला. नातेवाइकांची भीती बहुधा पाय लुळे पडण्याची असते, ती त्यांनी विचारायच्या आधीच आपण बोलून टाकावी.

स्टेरॉइड या टप्प्यावर नेमानं देण्याइतका आधार मुलांत नाही. डोक्यातला दाब वाढल्याची लक्षणं दिसली (बाहुली मोठी, नाडी मंद, रक्तदाब चढा) तर तीन टक्के सलाइन ३ ते ५ मिलि प्रतिकिलो, इथे ४८ ते ८० मिलि, तयार ठेवलं होतं. लागलं नाही.

एकवीस दिवस पुरे केले. चौदाव्या दिवशी मुलगी खेळायला लागली आणि घरचे सुट्टी मागायला लागले. त्यांना थांबवणं हे उपचाराचाच भाग. एकविसाव्या दिवशीचा पीसीआर निगेटिव्ह आल्यावरच सलाइन काढलं. अजून पॉझिटिव्ह असता तर आणखी आठवडाभर औषध आणि पुन्हा पाणी. (तान्ह्या बाळांचं गणित वेगळं: २० मिग्रॅ प्रतिकिलो दर ८ तासांनी, २१ दिवस, आणि नंतर सहा महिने तोंडावाटे ३०० मिग्रॅ प्रतिचौरस मीटर दिवसातून तीनदा. मोठ्या मुलांना नंतरचा तोंडी कोर्स नेमाने लागत नाही.)

घरी जाताना ती चालत होती, उजवा हात जवळजवळ पूर्ववत. वस्तूंची नावं दहापैकी चार चुकत होती. लेव्हेटिरासिटामचं सिरप चालू, मिलित १०० मिग्रॅ, ३ मिलि सकाळ-संध्याकाळ.

पाचव्या आठवड्यातली परत भरती

ताप आल्यापासून चौतिसाव्या दिवशी मुलगी परत आली. तीन रात्री झोप नाही, सतत रडणं, जीभ आत-बाहेर, हातापायांचे नाचल्यासारखे चाळे, आणि बोलणं पूर्ण बंद. ताप नाही.

पहिला विचार विषाणू उलटल्याचा येतो, आणि पीसीआर येईपर्यंत असायक्लोविर पुन्हा सुरू करणं बरोबरच. पण दुसरा विचार त्याच तासाला व्हायला हवा. हर्पीसनं फोडलेल्या मेंदूपेशींतून बाहेर पडलेल्या प्रथिनांविरुद्ध शरीर प्रतिपिंडं बनवतं, बहुधा एनएमडीए रिसेप्टर या मेंदूपेशींवरच्या प्रथिनाविरुद्ध. साधारण चारांपैकी एका रुग्णात हे होतं, बहुतेक वेळा पहिल्या दोन महिन्यांत. चार वर्षांखालच्या मुलांत चेहऱ्याचे आणि अंगाचे चाळे आणि मंदावणं ठळक. मोठ्या मुलांत वागणं बिघडतं, म्हणून ती मानसोपचाराच्या ओपीडीत भटकतात. या मुलीत दोन्हींची सरमिसळ होती.

पाण्यात पेशी १८, पीसीआर निगेटिव्ह. एमआरआयमध्ये जुन्या जागी पोकळी, नवा डिफ्यूजनचा डाग नाही. प्रतिपिंडांसाठी रक्त आणि पाणी दोन्ही पाठवलं. नुसतं रक्त पाठवलं तर काही रुग्ण निसटतात. नमुना इम्युनोग्लोब्युलिनच्या (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांच्या) आधी घ्यायचा, नंतर नाही. एनएमडीए रिसेप्टर प्रतिपिंडं पाण्यात पॉझिटिव्ह.

उपचार: मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ३० मिग्रॅ प्रतिकिलो, ४८० मिग्रॅ, पाच दिवस. इम्युनोग्लोब्युलिन एकूण २ ग्रॅम प्रतिकिलो, ३२ ग्रॅम, पाच दिवसांत वाटून रोज ६.४ ग्रॅम. स्टेरॉइडआधी क्षयरोग पुन्हा तपासला आणि जंताचं औषध दिलं. चाळ्यांसाठी हॅलोपेरिडॉल टाळलं, कारण या आजारात ताठरपणा आणि ताप चढू शकतो. रात्री क्लोनाझेपाम पुरलं. दोन आठवड्यांत झोप आली, चाळे निम्म्यावर आले, बोलणं नाही. म्हणून कावीळ-बी तपासून रिटुक्सिमॅब (प्रतिपिंडांच्या मुळाशी असलेल्या बी-पेशी घटवणारं औषध) ३७५ मिग्रॅ प्रतिचौरस मीटर, २५५ मिग्रॅ, आठवड्याला एक असे चार. इम्युनोग्लोब्युलिनच्या या मात्रेनंतर गोवराची लस ११ महिने पुढे ढकलावी लागते. अंगणवाडीच्या कार्डावर तसं लिहून द्यावं, नाहीतर कुणीतरी पुढच्याच मोहिमेत टोचतं. रिटुक्सिमॅबचा परिणाम ओसरल्याचंही त्याआधी पाहावं.

पुढची व्यवस्था

हे दुसरं दुखणं लवकर सापडलं, कारण पहिल्या सुट्टीच्या वेळी आजीला चार गोष्टी सांगून ठेवल्या होत्या: झोप उडाली, तोंडाचे-हातांचे चाळे लागले, बोलणं घटलं किंवा लेकरू अचानक वेगळं वागायला लागलं, तर आठवड्याची वाट न बघता यायचं. "काही त्रास झाला तर या" या वाक्याचा काही उपयोग नसतो. ताप नाही म्हणजे त्रास नाही, असं घरात धरलं जातं.

आई-वडिलांनी मुलीला सोबत न्यायचं ठरवलं, म्हणजे पुढचे महिने ती कोपीवर (ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीत), दुसऱ्या जिल्ह्यात. म्हणून सुट्टीचा कागद मराठीत, एका पानाचा: आजाराचं नाव, झालेली औषधं, चालू मात्रा, झटका आला तर मिडाझोलाम किती आणि कसं, आणि "ताप नसतानाही वागणं बदललं तर एनएमडीए एन्सेफलायटिस उलटल्याचा विचार करावा" ही ओळ. कागदाचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये. सिरप हंगाम संपेपर्यंत पुरेल एवढं, कारण मधेच संपलं तर तोडणी सोडून कुणी तालुक्याला जात नाही, आणि एकदम बंद झालेल्या औषधानं झटके उसळतात.

सहा महिन्यांनी मुलगी दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलत होती, चाळे गेले होते, झटका एकदा आला होता. शाळेत नाव घालण्याआधी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वाचा आणि बुद्धीची तपासणी, अपंगत्व प्रमाणपत्राचा अर्ज, आणि लेव्हेटिरासिटाम निदान दोन वर्षे, वाढत्या वजनाप्रमाणे दर तीन महिन्यांनी मात्रा बदलत.